पाव तासाची नोंद

हे मी लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. आमच्या घरात लिहिणं म्हणजे सही करणं, आणि तीही कुणी बोट दाखवेल त्या जागी. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. त्यामुळे आपल्याला काही आठवतं आणि ते चार लोकांनी वाचावं असं वाटणं, हा मला अजूनही आगाऊपणा वाटतो. शिवाय विषयही माझ्या वयाचा नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांना प्रशिक्षण कसं द्यावं, यावर ज्यांनी शाळा चालवल्या त्यांनी बोलावं. मी शाळा चालवलेली नाही. मी फक्त पाच दिवस एका मुख्याध्यापकाच्या शेजारी बसलो होतो आणि तिथे जे दिसलं ते मी बरोबर लिहिलं नाही. तेवढ्यापुरतंच लिहितो. जास्त बोललो तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी कोल्हापुरात शिक्षणशास्त्राचं एम.ए. करतो. राहायला शिरोलीला, वडिलांच्या खोलीत. वडील एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत साच्यांच्या कामावर आहेत. गाव राधानगरीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. तिथे आई, दोन म्हशी आणि थोडं भात. वडिलांना बहुतेक दुसरी पाळी असते. मी कॉलेजातून येतो तेव्हा ते कामावर गेलेले असतात, आणि सकाळी मी निघतो तेव्हा झोपलेले असतात. एकाच खोलीत राहून आठवडा आठवडा आमचं बोलणं होत नाही. ताटाखाली झाकलेली भाकरी, दोरीवर पिळून टाकलेला माझा शर्ट, जागा बदललेल्या चपला, यावरून ते येऊन गेल्याचं कळतं. त्यांच्या उशीला जळक्या वाळूचा वास येतो. सुरुवातीला तो मला आवडायचा नाही. आता खोलीत कुणीतरी असल्यासारखं वाटायला तोच वास उपयोगी पडतो.

मी काय शिकतो हे मला त्यांना नीट सांगता आलेलं नाही. एकदा शेजारच्या खोलीतल्या माणसानं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मास्तरांचा मास्तर हुणार हाय त्यो." मी दुरुस्त केलं नाही. कॉलेजात त्याच्या उलट. तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं, आणि आपल्याला माहीत नाही हे कळू नये म्हणून मी गप्प बसतो. दोन वर्षांत मला तिथे नावानं हाक मारणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. हे तक्रार म्हणून सांगत नाही. पुढचं का घडलं ते कळावं म्हणून सांगतो.

गेल्या वर्षी राज्यभर मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणाची नव्यानं आखणी सुरू झाली. तोवर प्रशिक्षण म्हणजे तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला एखादा हॉल, पडद्यावर सरकणारे मुद्दे, दुपारचं जेवण आणि शेवटी प्रमाणपत्र. माणूस शाळेत परतला की प्रमाणपत्र कपाटात जायचं आणि तो होता तिथेच राहायचा. आता प्रशिक्षणच शाळेत न्यायचं ठरलं होतं. प्रत्येक निवडलेल्या शाळेला एक सोबती मिळणार होता. सोबती म्हणजे निवृत्त झालेला, शाळा चांगली चालवून दाखवलेला मुख्याध्यापक. त्यानं वर्षभर, महिन्यातून दोन दिवस शाळेत यायचं, इथल्या मुख्याध्यापकाच्या बरोबर काम करायचं, अडलं तिथे हात द्यायचा. पहिल्या वर्षी आमच्या जिल्ह्यात अगदी थोड्या शाळांना हे मिळणार होतं. गरज कुणाला जास्त आहे हे ठरवण्यासाठी आधी मुख्याध्यापकाचा दिवस जातो कशात, ते बघायचं होतं. बघण्याचं काम आमच्या विभागाकडे आलं, आणि आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी ते आम्हा विद्यार्थ्यांना वाटून दिलं.

पद्धत सोपी होती. पाच दिवस शाळेत बसायचं. दर पाव तासाला मुख्याध्यापक काय करतात त्याची एक ओळ पेन्सिलीनं वहीत लिहायची. संध्याकाळी घरी तीच ओळ छापील तक्त्यावर पेननं उतरवायची आणि समोर प्रकार लिहायचा: अध्यापन, नियोजन, कागदपत्रं, लोकांशी बोलणं, इतर. मॅडम म्हणाल्या, "जे दिसेल तेच लिहा. का दिसलं ते लिहू नका. आणि कृपा करून मदत करू नका. तुम्ही उठून घंटा दिलीत की नोंद बिघडली." मग म्हणाल्या, "कुणाची ओळखीची शाळा आली असेल तर सांगा, बदलून देते."

माझ्या वाट्याला माझ्याच गावची शाळा आली होती. मी सांगितलं नाही. जिथे आपल्याला ओळखतात अशा ठिकाणी पाच दिवस बसायला मिळतंय, एवढंच तेव्हा मनात आलं.

त्या शाळेतले गुरुजी मला चौथीला होते. त्यांचा आवाज असा, की ते पाढे म्हणायला लागले की ओढ्यापलीकडे गुरं राखणारी माणसं पुढचा आकडा म्हणायची. क्षेत्रफळ शिकवताना त्यांनी आम्हाला अख्खं मैदान पावलांनी मोजायला लावलं होतं, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं तेव्हा "आता कुणाचं खरं धरायचं?" म्हणून दिवसभर भांडायला लावलं होतं. मधली काही वर्षं ते दुसऱ्या गावांना होते. दोन वर्षांपूर्वी बढती मिळून ते आमच्याच शाळेत मुख्याध्यापक म्हणून परत आले. गावाला आनंद झाला होता. मलाही झाला होता.

मी गेलो तेव्हा श्रावण होता आणि आमच्याकडचा पाऊस धरून होता. ऑफिसचं दार ओलीनं फुगलं होतं, ते उघडायला खांदा लावावा लागे आणि पूर्ण मिटत कधीच नसे. गुरुजींनी मला बघितलं, कागद बघितला आणि हसले.

"म्हंजे तू मला तपासायला आलास व्हय?"

"न्हाय गुरुजी, तपासायला न्हाय. नुसतं लिहून घ्यायला."

"बस की मग. त्या खुर्चीत बस."

त्यांच्या बरोबरीनं खुर्चीत बसणं मला जमेना. मी वर्गातला एक बाक ओढून आणला आणि कोपऱ्यात बसलो. पाच दिवस तिथेच होतो.

दुपारची खिचडी शिजवणाऱ्या मावशी पहिल्याच दिवशी चहा घेऊन आल्या. काही घ्यायचं नाही असा नियम होता, म्हणून मी नको म्हणालो. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"कोल्हापूरला जाऊन पावणा झाला की ह्यो! आरं, ह्या शाळंत तू माझ्या हातची खिचडी खाल्लीस, आन आता च्या चालंना?"

"नियम आहे मावशी."

"पाच दिस नुस्ता बगत बसायचा नियम? मग आमची म्हस काय वाईट हाय? तिला बसवायची."

गुरुजी मोठ्यानं हसले. तो जुना आवाज त्या पाच दिवसांत मी तेव्हा एकदाच ऐकला.

बाकी वेळ ते हळू बोलत. बरंचसं फोनवर. "व्हय साहेब. पाठवतो साहेब. कालच पाठवलं हुतं साहेब, परत पाठवतो." एक शिक्षक रजेवर होते म्हणून सातवीचा वर्ग गुरुजींकडेच होता. ते फळ्यावर गणित अर्धं सोडवायचे, फोन वाजायचा, खडू हातात धरूनच बाहेर जायचे. रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर मिळायची. पावसात छत्री मानेत धरून, एका हातात फोन आणि दुसऱ्यात खडू घेऊन ते माहिती भरत उभे राहायचे. परत येईपर्यंत वर्गात गोंधळ झालेला असायचा. तांदळाची पोती ओली झाली म्हणून ती त्यांनी स्वतः उचलून ठेवली. एका बापानं येऊन, पोराचं दप्तर कुणी फाडलं म्हणून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा आवाज चढवला. गुरुजी ऐकून घेत राहिले. मी दर पाव तासाला ओळ लिहीत होतो. ते पोती उचलत असताना माझे हात शिवशिवत होते, पण मी उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी कपाटातून एक जाड फाईल काढून मला दाखवली. मागच्या प्रशिक्षणात मिळालेली. पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.

"धा दिवस गेलतो," ते म्हणाले. "चांगलं शिकवत होते, खोटं कशाला बोलू? शाळा कशी बदलायची ते सगळं सांगितलं. पण माझ्या हापिसाचं दार मिटत न्हाय, हे त्या हॉलात कुणाला सांगणार? आमच्यासारखे पन्नास-साठ बसलेले. ज्याचं त्याचं दार वेगळं." मग फाईल बंद करत म्हणाले, "आता म्हंत्यात, शाळेतच कुणीतरी येणार हाय. महिन्यातनं दोन दिवस. खरं हाय का रं ते?"

"खरं हाय गुरुजी. पण थोड्याच शाळांना."

"आपल्याला मिळंल का?"

मी म्हणालो, "मिळंल की."

हे मी कुठल्या आधारावर म्हणालो, मला माहीत नाही. त्यांनी मान हलवली. त्या क्षणी मला कळलं की त्यांना खरोखर कुणीतरी हवं आहे. शाळेत पाच शिक्षक होते, एक मावशी होत्या, दीडशेच्या वर पोरं होती, आणि त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं. शिक्षकांसमोर अडलं म्हणून सांगायची सोय नाही, कारण ते मुख्याध्यापक. साहेबांसमोर तर नाहीच नाही.

तिसरा दिवस. अकराला थोडं कमी असताना एक माणूस आला. पोराचा दाखला मागत होता. तालुक्याच्या वाटेवर इंग्रजी शाळा निघाली होती, तिथे घालायचं होतं. तो गुरुजींचाच जुना विद्यार्थी, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. तो खुर्चीत बसला नाही. खाली बघत म्हणाला, "तुमच्यावर राग न्हाय गुरुजी. पण तुमीच सांगा, तुमी वर्गात असता कवा?"

गुरुजींनी दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला, कागदावर फुंकर घातली आणि दिला. माणूस पाया पडून गेला.

गुरुजींनी उठून दार लोटलं. ते नेहमीप्रमाणे अर्धं अडलं. ते परत येऊन बसले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. सातवीच्या वर्गातून गोंधळ ऐकू येत होता. फोन दोनदा वाजून थांबला. छतातून बादलीत थेंब पडत होते. ते भिंतीकडे बघत होते, जिथे वेळापत्रक लावलेलं होतं, पण चष्म्याशिवाय त्यांना ते दिसत नसणार. त्यांचे डोळे ओले होते की नाही, मी बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. माझ्याकडे घड्याळ होतं, मी घड्याळाकडे बघत राहिलो.

सव्वाअकरा झाले. माझा हात वहीवर होता आणि पेन्सिल चालत नव्हती.

"लिहिलंस?" गुरुजींनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"न्हाय गुरुजी."

"लिही की. तुझं काम हाय ते."

मी लिहिलं. अकरा ते सव्वाअकरा. गुरुजी एकटे बसून आहेत. काही करत नाहीत. त्यांनी हात पुढे केला. मी वही दिली. चष्मा लावून त्यांनी ती ओळ वाचली, लहानपणी आमचं शुद्धलेखन वाचायचे तशी, प्रत्येक शब्दावर नजर ठेवून. मग वही परत दिली. "बरोबर हाय," म्हणाले, आणि सातवीवर गेले.

संध्याकाळी आईजवळ बसून मी तक्ता भरायला घेतला. आई म्हशींचं उरकत होती. मी इतर ओळी उतरवल्या. त्या ओळीशी आलो आणि थांबलो. हा कागद कोल्हापूरला जाणार, तिथून पुढे कुठे कुठे जाणार. कुणीतरी अनोळखी साहेब वाचणार की अमुक गावचे मुख्याध्यापक शाळेच्या वेळेत काही न करता बसले होते. ज्यांनी मला क्षेत्रफळ शिकवलं त्यांच्याबद्दल मी असं कसं लिहून देऊ? आमच्या गावात गुरुजींपुढे अजून कुणी आवाज करून चहासुद्धा पीत नाही. मी पेननं लिहिलं: शाळेच्या कामाचा विचार. प्रकार: नियोजन.

एकदा हात सैल झाल्यावर मग थांबता आलं नाही. पोती उचलली ते 'साहित्य व्यवस्थापन' झालं. टाकीच्या पायऱ्यांवरचे तास मी 'वरिष्ठांशी समन्वय' म्हणून लिहिले, तेही नियोजनातच घातले. दप्तराच्या भांडणाला 'पालकभेट' म्हटलं. पाच दिवसांचा तक्ता पूर्ण झाला तेव्हा मी तो परत वाचला आणि मला अभिमान वाटला. कागदावर गुरुजी अगदी तसे दिसत होते, जसे ते असायला हवे होते. खाली मी सही केली. आईनं विचारलं, "गुरुजींचं चांगलं लिवलंस न्हवं?" मी म्हणालो, "व्हय."

यादी दिवाळीनंतर लागली. आमच्या शाळेचं नाव त्यात नव्हतं.

मी मॅडमच्या खोलीत गेलो. त्या आधी कौतुकानंच बोलल्या. माझे तक्ते सगळ्यात व्यवस्थित होते म्हणाल्या. मग मी शाळेचं विचारलं. त्यांनी फाईल काढून माझाच कागद माझ्यासमोर धरला.

"अरे, हे बघ ना. हे गृहस्थ रोज तास-दीड तास नियोजनाला देतात. वरिष्ठांशी समन्वय, पालकभेटी, सगळं नीट चाललंय. यांना सोबती कशाला? उलट पुढे-मागे यांनाच कुणाचा तरी सोबती करता येईल."

मी हो म्हणालो आणि बाहेर आलो.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगणं अवघड आहे. कॉलेज, सिटी बस, खोली. ताटाखाली भाकरी. कुणाला सांगावं असं माणूस नव्हतं. वडिलांना सांगायचं तर आधी तक्ता म्हणजे काय तिथून सांगावं लागलं असतं, आणि ते जागे सापडायला हवे होते. एकदा त्यांच्या सुट्टीच्या वारी मी सांगायला सुरुवात केली. ते जेवता जेवता ऐकत होते. अर्ध्यात म्हणाले, "साच्यात बुडबुडा ऱ्हायला की वरनं कायबी दिसत न्हाय. मशीनला लावल्यावर कळतंय." त्यांना त्यांच्या कामातलं काहीतरी आठवलं होतं, एवढंच. मग ते झोपायला गेले. मी पुढचं सांगितलं नाही, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

त्याच आठवड्यात गुरुजींचा फोन आला. टाकीच्या पायऱ्यांवरून करत असणार, वाऱ्याचा आवाज येत होता.

"काय झालं रं त्या कामाचं? कुणी येणार हुतं म्हंत्यात."

मी म्हणालो, "येतील गुरुजी. थोडा वेळ लागतोय."

"असूं दे. घाई न्हाय," ते म्हणाले. "तू अभ्यास कर."

दुसऱ्या दिवशी मी पेन्सिलीची वही घेऊन मॅडमकडे गेलो. तोंडानं सांगायला जमेल असं वाटेना, म्हणून एका कागदावर लिहून नेलं होतं: मी माझ्या ओळखीची शाळा लपवली, आणि नोंदी बदलल्या. मॅडमनी कागद वाचला. मग वही घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. मी उभा होतो. तिसऱ्या दिवसाच्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या.

"हे त्यांनी स्वतः वाचलं होतं?"

"हो मॅडम. बरोबर आहे म्हणाले."

"म्हणजे त्यांची लिहायला हरकत नव्हती. हरकत तुझी होती."

मी मान खाली घातली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तुला वाटलं तू त्यांचं नाव राखतोयस. अख्ख्या जिल्ह्यातून आलेल्या कागदांत अशी ओळ मला एकही सापडली नव्हती. आता वाटतंय, इतरांनीही अशीच पुसली असेल." मग वही ठेवून घेत म्हणाल्या, "मी हे तुझ्या कागदासकट वर पाठवते. यंदाची यादी माझ्या हातात नाही. पुढच्या वर्षीच्या यादीत बघू." दारापाशी पोचलो तेव्हा त्यांनी विचारलं, "त्यांना सांगितलंस?"

मी सांगितलं नव्हतं. त्यानंतरही नाही सांगितलं. संक्रांतीला गावी गेलो तेव्हा शाळेवरून जावं लागलं. गुरुजी पायऱ्यांवर उभे होते, फोन उंच धरून, माझ्याकडे पाठ करून. त्यांचं पांढरं डोकं उन्हात दिसत होतं. हाक मारायला फार तर वीस पावलं चालावं लागलं असतं. मी कुंपणाच्या कडेनं सरळ निघून गेलो, आणि घरी जाईपर्यंत पावलं मोजत राहिलो. का ते माहीत नाही.

मग पुढचे महिने वाटच बघितली. विभागात टपाल आलं की मी काही ना काही कारण काढून तिथे जायचो. शिपाईमामा चेष्टा करायचे, "नोकरीची आर्डर येणार हाय व्हय तुझी?" परीक्षा झाली. उन्हाळा गेला. मी सुट्टीतही खोलीतच राहिलो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मॅडमचा निरोप आला. दुसऱ्या वर्षाची यादी आली होती आणि तिच्यात आमची शाळा होती. त्यांनी आणखी एक ओळ लिहिली होती: नव्या प्रशिक्षणाच्या तक्त्यात आता एक सहावा प्रकार टाकला आहे, 'एकटे बसणे'. मी तो निरोप उभ्यानंच चार-पाच वेळा वाचला. मग गुरुजींना फोन लावला. लागला नाही. परत लावला, परत नाही. टाकीच्या पायऱ्यांवर जातील तेव्हा लागेल म्हणून दर पाव तासाला लावत राहिलो. दुपार झाली, शाळा सुटायची वेळ झाली. लागला नाही.

वडील त्या दिवशी गावी गेले होते. सुट्टीला एक रजा जोडून भाताच्या रोपांचा तरवा टाकायला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आले तेव्हा मी खोलीतच होतो. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं एकाच वेळी जागे होतो. मी चहा टाकला. त्यांनी पिशवी भिंतीला टेकवली, आईनं दिलेली चटणी बाहेर काढली, पाय लांब केले.

"आबा, शाळेवरनं आलात का? गुरुजी भेटले?"

"शाळंवर कशाला? यष्टीत भेटलं की. शेजारीच बसलतो. राधानगरीपतूर."

"कुठे निघाले होते?"

"आरं, तुला ठाऊक न्हाय? सोडलं की त्यास्नी."

"काय सोडलं?"

"ते मुख्याध्यापकपण. अर्ज केल्ता म्हणं थंडीतच, मला नको, साधा मास्तर करा म्हणून. मंजूर झाला. गडहिंग्लजच्या बाजूला टाकलंय कुठंतरी. बोजा घेऊन निघालं हुतं." वडिलांनी बशीत चहा ओतला. "आपल्या शाळंत आता त्या बाई हायत्या, पाचवीच्या. त्यास्नी केलंय मुख्याध्यापक. लहान हाय पोरगी. घाबरलीया म्हणं."

फोन माझ्या हातातच होता. मॅडमचा निरोप अजून उघडा होता.

"तुला निरोप दिलाय," वडील म्हणाले. "काय म्हणालं बरं... हां. 'पोराला सांगा, त्यानं जी ओळ लिवली ती वाचली आन मला माझं कळलं. कुणीतरी यायची वाट बगत हुतो, पण जे कळायचं ते त्या दिवशीच कळलं हुतं.' कसली ओळ रं?"

"होती एक," मी म्हणालो. "कसे होते ते? बरे होते?"

"बरं म्हंजे? अख्ख्या यष्टीला आवाज जाईल असं बोलत हुतं. कंडक्टर म्हणाला, गुरुजी, जरा हळू." वडिलांनी बशी रिकामी केली आणि खाली ठेवली. "चौथीचा वर्ग दिलाय त्यास्नी."